येर्नेयमध्ये

खिडकी त्याच्याच खोलीतली आहे.
लोव्रोने मार्चमध्ये ती चौकटीसकट काढली,
भिंतीतल्या भगदाडाला फळ्या ठोकल्या.
झ्देन्काने का म्हणून विचारलं नाही.
नुसतं म्हणाली, काच पुसून ने.

बाकीचं आम्ही पाठीवर वाहिलं.
लार्चच्या फळ्या, पत्रा, किलोकिलोने खिळे.
त्सिरिलने दोन गाद्या डोक्यावर घेतल्या
आणि वाऱ्याने त्याला तीनदा गर्रकन फिरवून
आल्या वाटेकडे तोंड करून उभं केलं.
हसलो आम्ही.
मग हसलो म्हणून गप्प झालो.

माझ्या वाट्याला शेगडी. ओतीव लोखंडाची, एक्केचाळीस किलो.
वाट्याला कसली, दुसरं कुणी घेऊ नये म्हणून मीच आधी उचलली.
त्या शनिवारी मला ताप होता,
नाहीतर दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला असतं.
गावात सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही.
शेगडी बोलत होती,
मणक्याशी, प्रत्येक वळणावर.

जागा निवडली खांद्यावरची, जिथे हिमलोट पोचत नाही,
कड्याच्या दोनशे पावलं अलीकडे.
दोनशे पावलं म्हणजे काहीच नाही.
पण धुक्यात तेवढंही चालवत नाही
पुढे काही आहे हे ठाऊक नसेल तर.

पाटीवर काय लिहायचं यासाठी मंडळाची सभा भरली.
ल्युब्लियानाहून आलेले गुरुजी चार ओळी घेऊन आले होते,
शिखरं अमर असतात, अशा अर्थाच्या.
झ्देन्का म्हणाली, त्याला असलं काही वाटत नव्हतं.
त्याला भूक लागायची.
म्हणून पाटीवर फक्त नाव आहे,
आणि नावाखाली: सूप फडताळात आहे.

लोकांनी झोपडीला नावानेच हाक मारायला सुरुवात केली.
'काल येर्नेयमध्ये झोपलो.'
'येर्नेय गच्च भरला होता, चौघं जमिनीवर.'
दुकानाच्या रांगेत हे पहिल्यांदा कानावर पडलं
तेव्हा झ्देन्का पाव तिथेच ठेवून घरी गेली.
आता ती विचारते, थंडी होती का आत?

सप्टेंबरात घोंगड्या खाली येतात. नऊ.
गवत वाळवायच्या मांडवावर ती त्या धुऊन टाकते.
धुराचा वास, परक्या पावलांचा,
एकदा घडीत एका लहान मुलाचा मोजा.
तोही धुतला, वर पाठवला.
वर कोण येणार होतं तो शोधायला? पण पाठवला.

या वर्षी घोंगड्यांबरोबर झोपडीची वहीही आली, भरलेली.
ब्रनोच्या दोघी बहिणींनी पेन्सिलने लिहिलेलं:
'रात्रभर गारा. धडधाकट आहोत. सूप खारट.
येर्नेयचं दार लागत नाही.
कितीही ओढा, बोटभर फट राहतेच.'

झ्देन्काने चष्मा लावून दोनदा वाचलं.
'कधी लावलंय त्याने?' ती म्हणाली.
'एकोणतीस वर्षं ओरडले मी.'
आणि हसू आवरेना तिला,
ओल्या हातांनी वही धरलेली, अक्षरं फुटायला लागली.

रविवारी लोव्रोने रंधा काढला.
'राहू दे ना,' ती म्हणाली. 'बोटभर तर आहे.'
'बर्फ येतो आत.'
'हो. येतो.'
आणि फडक्यात पाव बांधून दिला, दोघांचा.

दार मी खांद्यावर तोलून धरलं,
लोव्रो खालची कड तासत राहिला.
भुसा शेगडीत टाकला. भडकन पेटला.
मग दार बसवलं. लागलं.
आत एवढं सामसूम झालं
की त्याचा श्वास मला ऐकू यायला लागला, माझा त्याला.
त्याने उघडून पाहिलं. पुन्हा लावलं.
त्या खिडकीकडे मात्र बघितलं नाही.
मग पाणी आणतो म्हणून बादली घेऊन बाहेर पडला

आणि जाताना
दार सताड उघडं टाकून गेला.